अपघाताचा क्लेम तडजोडीने मिटवताना : ठाणे-नवी मुंबईतील जखमींसाठी सविस्तर मार्गदर्शन

घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाणे-बेलापूर मार्गावर अपघात झाला की समोरच्या गाडीचा मालक बहुधा रुग्णालयाच्या दारातच म्हणतो, "पोलीस केस कशाला करता दादा, आपसांत मिटवून टाकू." त्याच्या बोलण्यात दरवेळी कपट असतेच असे नाही. पण नातेवाइकांनी त्या क्षणी होकार दिला, तर जिच्याकडून खरी भरपाई यायची ती विमा कंपनी व्यवहारातून जवळजवळ बाहेर पडते, आणि सहा महिन्यांनी पायातली सळई काढण्याचा खर्च समोर येतो तेव्हा त्याच मालकाचा फोन लागत नाही. याचा अर्थ दावा वर्षानुवर्षे लढवलाच पाहिजे असा मुळीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि त्यातील नुकसानभरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्यांनुसार विमा कंपनीशी रीतसर तडजोड करता येते. तिच्यावर शेवटी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची किंवा लोकअदालतीची मोहोर उमटते, मात्र साक्षी, उलटतपासणी आणि तारखांमागून तारखा टळतात. पुढील विवेचन अशा तडजोडीपुरते आहे.

आधी नोंद, मग बोलणी

तडजोडीची ताकद पहिल्या आठवड्यात तयार होणाऱ्या कागदांवर ठरते, आणि त्यांतला सर्वांत दुर्लक्षित कागद रुग्णालयाचा असतो. जखमीला कॅज्युअल्टीत आणल्यावर ड्यूटीवरचा डॉक्टर अपघात कसा झाला ते विचारून केसपेपरवर एक ओळ लिहितो. घाबरलेला भाऊ किंवा सोबत आलेला रिक्षावाला "बाइकवरून पडला" एवढेच सांगतो, आणि तेवढेच लिहिले जाते. पुढे हीच ओळ दाखवून विमा कंपनीचा तपासनीस म्हणतो की जखमी स्वतःच घसरून पडला, आमच्या ट्रकचा संबंधच नाही. म्हणून भरती करतानाच "ट्रकने मागून धडक दिल्याने" किंवा "अनोळखी चारचाकीने ठोकरल्याने" असे स्पष्ट सांगावे, केसपेपरवर काय लिहिले गेले ते वाचावे आणि एमएलसी (पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) क्रमांक टिपून घ्यावा. चूक आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, कारण महिनाभराने केलेली दुरुस्ती रचलेली वाटते.

फिर्याद ज्या हद्दीत अपघात झाला त्या पोलीस ठाण्यात नोंदवावी. येथे आपल्या भागाची एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते. घोडबंदर रस्त्याचा ठाण्याकडचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, तर काशिमिऱ्याकडचा भाग मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ही ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उरण यांचे पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे असले तरी जिल्हा रायगड आहे. त्यामुळे कळंबोलीच्या अपघातातील जखमी नवी मुंबई पोलिसांकडे फिर्याद देतो, पण मोफत कायदेशीर मदत देणारे त्या हद्दीतील विधी सेवा प्राधिकरण अलिबागचे असते. मात्र दावा अपघाताच्या ठिकाणाबरोबरच जखमीच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो, म्हणून कळव्यात राहणाऱ्याला कळंबोलीतील अपघातासाठी ठाण्याचा पर्याय खुला असतो.

फिर्यादीनंतर पोलिसांवर ठरावीक मुदतीत अहवाल देण्याची जबाबदारी येते. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरण व विमा कंपनी यांच्याकडे जाणे अपेक्षित आहे. जखमीने किंवा वारसांनी भरायचा नमुना क्रमांक ६ पोलिसांना ६० दिवसांत द्यायचा असतो. उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे, उपचार आणि खर्च यांची माहिती त्यात भरावी लागते, आणि तडजोडीची बोलणी पुढे याच माहितीवर चालतात. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यावरील कामाचा भार पाहता या मुदती आपोआप पाळल्या जातील असे गृहीत धरू नये. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा व वाहनाच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती मागून ठेवाव्यात. तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे पोहोचला की तोच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो.

उपचारांच्या पैशांसाठीही तडजोडीची घाई करण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला निर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात.

समोर कोण आहे ते ठरवणे

वाहनाचा क्रमांक मिळाला की परिवहन विभागाच्या ॲपवर त्याचा विमा चालू आहे की नाही ते कळते. विमा असेल तर तडजोड विमा कंपनीशी करायची, मालकाशी नव्हे. मालकाने दिलेली चारपाच हजारांची मदत घ्यायला हरकत नाही, पण तिच्या बदल्यात कोणत्याही कागदावर सही करू नये. वाहन एखाद्या परिवहन उपक्रमाची बस असेल, तर तिचा विमा आहे की उपक्रम स्वतःच्या निधीतून भरपाई देतो ते लेखी विचारावे, कारण त्यावर पत्रव्यवहार कोणाशी करायचा हे ठरते. दोन वाहनांच्या चुकीने तिसरा माणूस, उदाहरणार्थ रिक्षातला प्रवासी, जखमी झाला असेल तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. "निम्मी चूक त्या दुसऱ्या गाडीची, निम्मे पैसे त्यांच्याकडून घ्या," हे कंपनीचे उत्तर अशा प्रवाशाने मान्य करू नये.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर वेगळी योजना आहे. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये ठरलेले असून अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे द्यायचा असतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. यात घासाघीस नाही, फक्त कागदपत्रांचा पाठपुरावा आहे.

खड्ड्यामुळे झालेल्या अपघातांबाबत आपल्याकडील वाचकांना विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यासाठी महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती नेमण्यास सांगितले. हा मार्ग मुळातच दाव्याविना आहे. अर्ज करताना खड्ड्याची त्याच दिवशीची छायाचित्रे जोडावीत, कारण अपघातानंतर तो खड्डा रातोरात बुजवला जाण्याची शक्यता असते.

दुसरे वाहन नसताना स्वतःचीच दुचाकी घसरली असेल, तर आपल्या पॉलिसीतील मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आणि बँकेतून २० रुपये वार्षिक हप्त्याने कापला जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आधी तपासावा. मात्र ही दोन्ही संरक्षणे मुख्यतः मृत्यू आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी आहेत. स्वतःच्या पॉलिसीचा क्लेम नाकारला गेला तर कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावे आणि मग विमा लोकपालाकडे विनाशुल्क जावे. ५० लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात. समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्धचा दावा मात्र लोकपाल ऐकत नाही.

घाई आणि मुदत यांचा मेळ

हाड जुळले आहे की नाही, दुसरी शस्त्रक्रिया लागेल का, कायमचे अपंगत्व किती राहील, या प्रश्नांची उत्तरे हाती येण्यापूर्वी अंतिम तडजोड करू नये. फ्रॅक्चरमध्ये हे चित्र स्पष्ट व्हायला कित्येकदा आठ-दहा महिने जातात. दुसरीकडे, २०२२ पासून दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची मुदत कायद्यात आली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. विमा कंपनीचा अधिकारी "आपण बोलतोच आहोत, अर्जाची काय गरज," असे गोड शब्दांत सांगत असला तरी केवळ बोलणी चालू असल्यामुळे मुदत थांबत नाही.

या दोन्हींचा मेळ घालण्याचा उपाय सोपा आहे : सहा महिन्यांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज दाखल करून हक्क सुरक्षित करावा आणि तडजोडीची बोलणी त्यानंतर निवांतपणे चालू ठेवावीत. अर्ज केल्याने लढाई सुरू होते ही भीती निराधार आहे. उलट, अर्जाचा क्रमांक पडला की कंपनीकडे फाइल उघडते, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज मागण्याचा हक्कही मिळतो.

आकडा आधी आपण काढावा

कंपनी पहिला आकडा सांगते आणि मग जखमी माणूस त्या आकड्यात किती वाढ होईल एवढाच विचार करू लागतो. ही चूक टाळायची असेल तर न्यायाधिकरण कोणत्या पद्धतीने हिशेब करते ते समजून घेऊन आपला आकडा लेखी तयार ठेवावा. पद्धत बरीचशी ठरलेली आहे. वार्षिक उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचे तो वयानुसारचा गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निश्चित केला, तर भविष्यातील उत्पन्नवाढीची टक्केवारी २०१७ मध्ये घटनापीठाने. वय २६ ते ३० साठी गुणक १७, ३१ ते ३५ साठी १६, ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ४६ ते ५० साठी १३, ५१ ते ५५ साठी ११ आणि ५६ ते ६० साठी ९ धरतात. कायम नोकरी नसलेल्या किंवा स्वतःचा व्यवसाय असलेल्या चाळिशीच्या आतील व्यक्तीच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ मिळवतात. चाळीस ते पन्नास वयासाठी २५ टक्के आणि त्यापुढे साठपर्यंत १० टक्के. कायम नोकरीत हीच टक्केवारी अनुक्रमे ५०, ३० आणि १५ असते.

समजा, महापे येथील एका कारखान्यात कंत्राटावर ३०,००० रुपये पगार घेणाऱ्या ३४ वर्षांच्या फिटरचा पाय मोडला आणि त्याच्या कामाच्या दृष्टीने अपंगत्व १५ टक्के ठरले. मासिक ३०,००० मध्ये ४० टक्के मिळवून ४२,००० होतात, वर्षाचे ५,०४,०००, गुणक १६ ने गुणल्यावर ८०,६४,०००, त्याचे १५ टक्के म्हणजे १२,०९,६००. त्यात उपचाराचे ३,४०,००० आणि चार महिने बुडालेल्या पगाराचे १,२०,००० धरले की बेरीज १६,६९,६०० होते. वेदना, आयुष्यातील सुखसोयींना मुकणे, काळजी घेणाऱ्या माणसाचा खर्च, पौष्टिक आहार, रिक्षाभाडे आणि पुढील शस्त्रक्रिया ही कलमे अजून बाकी आहेत. अशा माणसाला कंपनीने पाच लाखांचा प्रस्ताव दिला, तर तो कमी आहे हे त्याला रागावून नव्हे तर कागद पुढे सरकवून सांगता येते.

या हिशेबातला सर्वांत वादग्रस्त आकडा अपंगत्वाचा असतो, म्हणून त्याकडे जास्त लक्ष द्यावे. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचा दाखला "उजव्या पायाचे ४० टक्के" असा असेल तर ते संपूर्ण शरीराचे ४० टक्के नसते, आणि शरीराचे जितके टक्के तितकेच कमाईचे नुकसान असेही नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे की दुखापतीचा त्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट कामावर काय परिणाम झाला ते पाहिले पाहिजे. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर टेबलावर बसून काम करणाऱ्या लेखापालाचे फारसे बिघडत नाही, पण शिडीवर चढणाऱ्या वायरमनचे निम्मे काम हातचे जाते. म्हणून दाखल्याबरोबर आपण नेमके कोणते काम करत होतो, त्यातले आता काय जमत नाही, आणि मालकाने बदलून दिलेले काम कोणते, याबाबत कारखान्याचे पत्र जोडावे. एवढ्या एका पत्राने प्रस्तावात लाखांचा फरक पडू शकतो, आणि तरीही ते मागण्याचा संकोच केला जातो, हे अनाकलनीय आहे.

पगार रोखीने मिळत असेल तर बँकेत भरलेल्या रकमा, यूपीआयच्या नोंदी, कंत्राटदाराचे हजेरीपत्रक असे जे काही असेल ते जमवावे. मेडिक्लेममधून बिल भरले गेले असले तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे. कंपनीचा अधिकारी वजावट सुचवू लागला तर या निर्णयाचा उल्लेख करावा.

मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो : अविवाहितासाठी निम्मा, दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. शिवाय अंत्यसंस्कार, वारसांनी मृताचे साहचर्य गमावणे आणि संपत्तीचे नुकसान यांसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या १५,०००, ४०,००० आणि १५,००० या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात.

कोणत्या प्रस्तावापासून सावध राहावे

कायद्याच्या कलम १६४ मध्ये कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची ठरीव भरपाई आहे. जिथे चूक आपल्याच माणसाची होती, साक्षीदार नाही आणि उत्पन्नही फार नाही, तिथे ही तरतूद खरोखर उपयोगी पडते. मात्र ही रक्कम कंपनीशी ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपुष्टात येतो. वरील फिटरने अडीच लाखांवर सही केली तर उरलेल्या रकमेवर त्याने पाणी सोडले असाच अर्थ होतो. "हे तात्पुरते घ्या, बाकीचे नंतर बघू," असे तोंडी आश्वासन देणाऱ्याला तेच वाक्य लिहून द्यायला सांगावे.

रुग्णालयात वॉर्डात फिरणाऱ्या क्लेम एजंटांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. भरपाईच्या टक्केवारीवर काम करण्याची बोली करणारे हे लोक कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार वर्ज्य आहे, त्यामुळे फी ठरावीक आणि लेखी असावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, दिव्यांग व्यक्ती आणि वार्षिक तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेले कोणीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. ठाण्याचे प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे.

प्रत्यक्ष तडजोड

कंपनीने दाव्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला आपला हिशेब, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिले, पगाराचा पुरावा आणि अपंगत्वाचा दाखला यांच्या प्रती पाठवाव्यात. मूळ कागद कधीही देऊ नयेत. त्याने ३० दिवसांत न्यायाधिकरणासमोर तपशीलवार प्रस्ताव ठेवणे अपेक्षित आहे. प्रस्ताव हातात आल्यावर एकूण रकमेवर नजर खिळू न देता कोणत्या कलमाला किती धरले ते विचारावे. हेल्मेट नव्हते, लायसन्स संपले होते किंवा तिघे बसले होते असे सांगून जखमीची २०-३० टक्के चूक कापली जाते. पाय मोडला असेल तर हेल्मेट नसल्याचा त्या दुखापतीशी काय संबंध, हा साधा प्रश्न विचारायला कचरू नये. तडजोडीत व्याज बहुधा सोडून द्यायला सांगतात. थोडी सूट देण्यात गैर काही नाही, कारण लवकर मिळणाऱ्या पैशालाही किंमत असते; पण किती सोडले ते आपल्याला माहीत असले पाहिजे. आपल्या हिशेबाच्या खाली कोणत्या रकमेपर्यंत उतरायचे ते घरच्यांशी बोलून आधीच ठरवून जावे.

राष्ट्रीय लोकअदालत साधारणपणे वर्षातून चार वेळा भरते आणि तिथे विमा कंपन्यांचे अधिकारी मंजुरीचे अधिकार घेऊन बसलेले असतात, त्यामुळे अडलेली तडजोड त्या दिवशी पुष्कळदा सुटते. दावा दाखल झालेला नसला तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. फी लागत नाही, आणि प्रलंबित दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही. म्हणूनच तडजोड पुरसीस (ठरलेल्या अटी लिहून दाखल करायचा कागद) मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. संध्याकाळी पॅनेल उठण्याच्या घाईत "आत्ता नाही तर कधीच नाही" असा दबाव आला तरी नकार देता येतो, आणि दावा जागच्या जागी राहतो.

पुरसिशीत आणि कंपनीच्या डिस्चार्ज व्हाउचरवर "सर्व दाव्यांपोटी पूर्ण व अंतिम" असे शब्द असतात. पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च रकमेत धरलेला नसेल तर हेच शब्द आड येतात, म्हणून तो आधी धरून घ्यावा. रक्कम जखमीच्याच बँक खात्यात जमा होईल, किती दिवसांत होईल आणि विलंब झाल्यास किती दराने व्याज लागेल, हे तिन्ही लिहून घ्यावे. मृत्यूच्या दाव्यात सर्व वारसांच्या सह्या लागतात. सासू-सून यांच्यात वाटणीवरून अढी असेल तर ती बोलण्यांपूर्वी सोडवावी. अज्ञान मुलांच्या वतीने केलेली तडजोड न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय टिकत नाही आणि त्यांचा वाटा सामान्यतः मुदत ठेवीत ठेवला जातो.

चालकावरील फौजदारी खटला हा वेगळा विषय आहे आणि नुकसानभरपाईच्या तडजोडीने तो आपोआप मिटत नाही. बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा तर पक्षकारांना आपसांत मिटवताच येत नाही. तेव्हा मालकाने "भरपाईला मदत करतो, जबाब बदला," असे सुचवले तर त्याला थारा देऊ नये; जबाब फिरला की विमा कंपनीही आपला प्रस्ताव मागे घेण्यास मोकळी होते.

न्यायाधिकरणाने तडजोड नोंदवल्यापासून कंपनीला पैसे देण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. तोपर्यंत रक्कम जमा झाली नाही तर आधी लेखी आठवण द्यावी. त्यानेही काम झाले नाही तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली दाखला मागावा, म्हणजे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. लोकअदालतीच्या निवाड्यासाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते.